शेंदूर फासलेला पाळणा

मित्रांनो, मी एक जुना सागवानी पाळणा आहे, आणि माणसांविषयी माझे मत फारसे चांगले नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. ज्याच्यात निजून तुम्ही पहिले बोळके हसू हसलात, त्याने असे बोलावे याचे तुम्हाला वाईट वाटेल. वाटू द्या. तान्ह्या मुलावर वाकलेली माणसे मी फार जवळून पाहिली आहेत. त्या वेळी माणसाचा चेहरा अगदी उघडा असतो, आणि उघड्या चेहऱ्यात पाहण्यासारखे फार थोडे असते.

माझा जन्म शहाडचा. उल्हास नदीच्या काठी तुळसा नावाची मुलगी जन्माला आली, तेव्हा तिच्या बापाने कल्याणच्या वखारीतून साग आणवला आणि ओळखीच्या सुताराकडून मला करवून घेतले. त्या सुताराविषयी मी वाईट बोलणार नाही. त्याने एकही खिळा मारला नाही. खाचेत खाच बसवून, चारही बाजूंना गोल दांड्या घालून त्याने मला उभे केले. मग काचेच्या तुकड्याने मला घासले, जवसाचे तेल कढवले आणि ते फडक्याने माझ्या अंगात जिरवले. एक हात जिरला की वाळू द्यायचा, मग दुसरा. लाकडाला तहान असते. तेल पिऊन ते तृप्त झाले की बाहेरचे पाणी सहसा आत घेत नाही. शिवाय वर रंगाचा थर नसला म्हणजे काही सुटून पोरांच्या पोटात जात नाही. दात येऊ लागले की पोरे पाळण्याच्या दांड्या चोखतात, चावतात. तुळसेनेही माझी एक दांडी चोखून चोखून गुळगुळीत केली. तिला काही झाले नाही आणि मलाही नाही.

तुळसेमागून तिचे भाऊ माझ्यात वाढले. शेजारच्या बायकाही मला मागून नेऊ लागल्या. हा पाळणा पायगुणाचा आहे, यात निजलेले पोर दगावत नाही, असे त्या म्हणत. मी ऐकून घेई. खरे तर मी काहीच करत नव्हतो. मी जमिनीपासून हातभर उंच टांगलेला असे, एवढेच. ओल, मुंग्या, विंचू हे सगळे खाली राहत. पण माणसांना उंची दिसत नाही, पायगुण मात्र लगेच दिसतो.

मग पोरे मोठी झाली आणि माझा पायगुण सगळ्यांच्या लक्षातून गेला. मला माळ्यावर टाकले. चुलीचा धूर माझ्या अंगावर बसत राहिला. एका कोंबडीने मला आपले घर मानले, आणि त्या घरातल्या सगळ्यांपेक्षा तिचाच सहवास मला जास्त बरा वाटला. ती निदान रोज येत होती.

इकडे तुळसेचे लग्न झाले. डोंबिवलीजवळ खाडीच्या काठी मिठागरांना लागून आगऱ्यांचे एक गाव आहे, तिथल्या भिवाला ती दिली. भिवा उन्हाळ्यात मीठ पिकवी आणि पावसाळ्यात भात. तो माणूस वाईट नव्हता. त्याला स्वतःचे मत नव्हते, आणि जे होते ते त्याच्या आईचे, आवडाबाईचे होते. त्या घरी तुळसेला दोन लेकरे झाली आणि दोन्ही गेली. दोन्ही वेळा पावसाळा होता. दोन्ही वेळा लेकरू जमिनीवर गोधडीत निजत होते, आणि त्या जमिनीत खाडीचे पाणी इतके मुरलेले होते की सकाळी गोधडी हाताला गार लागे. आधी खोकला आला, मग ताप, आणि मग काही उरले नाही. आवडाबाई म्हणाली, नशीब. भिवाही म्हणाला, नशीब.

तिसऱ्या खेपेला तुळसेने माहेरी निरोप पाठवला, माझा पाळणा पाठवा. तिच्या बापाने मला माळ्यावरून काढले, कोंबडीला हाकलले आणि होडीत घालून नदीच्या वाटेने खाडीत आणले. काठावर तुळसा उभी होती. दिवस भरत आले होते. तिने माझ्या काजळलेल्या दांडीवरून हात फिरवला आणि नवऱ्याला म्हणाली, "आवंदा लेकरू भुईवर निजवायचा नाय. काय पन होवदे."

त्या घरातल्यांकडून एवढे एकच शहाणपणाचे वाक्य मी ऐकले. मला वाटले, चला, पुन्हा काम मिळाले. पण मला ओसरीवर टेकवताच आवडाबाई बाहेर आली. कमरेवर हात ठेवून तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"यो पालना हाय का चुलीतला सरपन?" ती म्हणाली. "चार मानसा बघतील माज्या घरात. रंग दिल्याबिगर यो आत येनार नाय."

रंग द्यायला माझी हरकत नव्हती. मी काळवंडलो होतो हे खरेच आहे. पण रंग कोणता द्यायचा, हे ठरवायला त्या ओसरीवर जी सभा भरली, तिची आठवण झाली की आजही माझ्या खाचा सैल होतात. वैशाख सरत आला होता. मिठाच्या राशी गवताने शाकारून झाल्या होत्या आणि भात पेरायला अवकाश होता. म्हणजे माणसे रिकामी होती, आणि रिकाम्या माणसाला मत फुटायला वेळ लागत नाही.

पहिला बोलला भिवा. "होडीला डांबर लावतो, तोच लावू. पानी आत शिरत नाय."

"काल्या पालन्यात लेकरू घालतोस?" आवडाबाई म्हणाली. "डांबर तुज्या अकलेला लाव आधी."

भिवाने मान डोलावली. त्यात त्याचा हातखंडा होता.

मग आवडाबाईचा भाऊ गोविंदा पुढे सरसावला. तो ठाकुर्लीच्या बाजूला आगगाडीच्या फाटकावर कामाला होता आणि डोक्यावरची रेल्वेची टोपी जेवतानाही काढत नसे. "मी हिरवा रंग आनतो," तो म्हणाला. "गाडीचे डब्याला लावतात तो. सायबाचा रंग हाय, दहा पावसाले हलनार नाय."

तेव्हा शेजारची हौसाबाई बोलली. हौसाबाईला कोणी बोलावले नव्हते, पण तिला तशी गरज पडत नसे. "सायबाचे रंगात चरबी असते गो. कनची चरबी, कोनाला ठाव? लेकराला बाटवतास काय?"

सगळ्यांनी नाके मुरडली. हिरवा रंग गेला. कोणी म्हणाले, कल्याणचा चितारी बोलावू, तो वेलबुट्टी काढतो. हौसाबाई म्हणाली, चितारी रंगात सरस घालतो, आणि सरस म्हणजे उकळलेले कातडे. चितारीही गेला. लाखेचा रंग निघाला, तर लाख ही किड्यांची थुंकी ठरली. गेरू लुगड्याला लागेल म्हणून बाद झाला. माझ्यासमोर एकेक रंग येत होता आणि जात पाहून परत पाठवला जात होता. जणू ते मला रंगवत नव्हते, माझे लग्न जुळवत होते.

गावचा सुतार धाकू तिथेच बसला होता. तो म्हणाला, "जवसाचा तेल लावा. रोज एक हात द्यायचा आन वालवायचा. आठ-दहा दिस मी येन."

उत्तर अगदी बरोबर होते. पण धाकूचे लक्ष माझ्याकडे नव्हते, आतून येणाऱ्या सुक्या बोंबलाच्या वासाकडे होते. आठ-दहा दिवस कामाला यायचे म्हणजे आठ-दहा दिवस दुपारचे जेवण, असा त्याचा हिशेब.

"तेल लावला तं रंग कनचा येल?" आवडाबाईने विचारले.

"लाकडाचा हाय तोच."

"मंग रंग दिला त्यो लोकांना कलंल कसा?"

धाकूने पुन्हा बोंबलाच्या वासाकडे नाक वळवले. दारात उभी असलेली तुळसा म्हणाली, "आत्ये, लेकराचा तोंड लागतो त्याला. तेलच बरा." आवडाबाईने तिच्याकडे पाहिलेही नाही. गरोदर सुनेचे बोलणे म्हणजे डोहाळे, असे त्या घरात धरून चालत.

मग आवडाबाईची अक्कल बाहेर आली. "शेंदूर लावू," ती म्हणाली. "तिलाचे तेलात कालवून. देव अंगाला लावतात, त्यात कसला बाट? आन लाल कसा दिसतो, लांबून दिसतो."

सगळे गार पडले. हौसाबाईलासुद्धा त्यात खोट काढता येईना. शेंदराचे ठरले.

मित्रांनो, एवढे ध्यानात घ्या. त्या ओसरीवर चरबी पाहिली, कातडे पाहिले, किडे पाहिले, लोकांचे डोळे पाहिले. माझ्यात निजणार कोण, हे कोणी पाहिले नाही. ज्याच्यासाठी पाळणा होता ते अजून पोटात होते, आणि त्याच्या वतीने जी बोलली तिचे बोलणे डोहाळ्यांत जमा झाले.

भिवाने आणि गोविंदाने मिळून मला शेंदूर फासला. घासणे नाही, धुणे नाही. माझ्या अंगावरची काजळी आणि कोंबडीची घाण जिथल्या तिथे राहिली आणि तिच्यावर शेंदूर चढला. तोंडावर घाम तसाच ठेवून पावडर थापावी, तसा मी दिसत असेन. शिवाय तिळाचे तेल जवसासारखे वाळत नाही. ते चिकट राहते. मी वाळेचना. घरातला जो तो येता-जाता एक बोट लावी, "वालला काय?" म्हणे, आणि लाल बोट भिंतीला पुसून निघून जाई. थोड्या दिवसांत भिंतही माझ्यासारखी दिसू लागली.

पावसाळा लागला आणि तुळसेला मुलगी झाली. मी ओला होतो, म्हणून लेकरू भुईवर निजले. तुळसा पडल्या पडल्या माझ्याकडे पाही आणि भिवाला विचारी, "आज वालंल ना?" भिवा मान डोलावी.

मग पाचवीचा दिवस आला. पाचव्या दिवशी सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर त्याचे नशीब लिहून जाते, हे तुम्हीही घरी ऐकले असेल. सटवाईविषयी मी काही बोलणार नाही. मी तिला कधी पाहिलेली नाही, आणि न पाहिलेल्या कोणाचा मला राग येत नाही. मी पाहिले ते असे. सकाळी बायका जमायच्या आधी आवडाबाई एकटी माझ्याजवळ आली. मी वाळलो का ते पाहायला तिने माझी बाजू चांगली पंजाने धरली. हात लालभडक झाला. तिने एक शिवी घातली, हात कोपऱ्यातल्या काथ्याच्या दोरीला पुसला आणि ती चुलीकडे गेली. माझ्या अंगावर पाच बोटांचा ठसा उठला, अंगठ्याजवळचे बोट जरा वाकडे.

थोड्या वेळाने बायका आल्या. हौसाबाई सर्वांत पुढे. तिची नजर माझ्यावर गेली आणि तिने छातीला हात लावला.

"बाय गो," ती हळूच म्हणाली, "सटवाय येऊन गेली. यो बघा तिचा हात."

बायका जागच्या जागी हात जोडून उभ्या राहिल्या. आवडाबाई मागून आली. तिने ठसा पाहिला, मग खाली आपल्या हाताकडे पाहिले. नखांत शेंदूर अजून होता. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. तिला सगळे आठवत होते, तिचे ओठ जरा हललेही. पण एवढ्या बायका हात जोडून उभ्या असताना 'अगं, तो माझाच हात' असे म्हणायला छाती लागते. आवडाबाईने डोक्यावर पदर घेतला आणि स्वतःच्या पंजाच्या ठशाला नमस्कार केला.

त्या दिवसापासून मी देव झालो. दगडाला शेंदूर फासला की देव होतो, असे म्हणतात. पण दगडाला निदान दुसरे काम नसते. मला होते.

मला आढ्याला टांगले, पण पाळणा म्हणून नव्हे. देवीचे आसन म्हणून. माझ्यात नारळ आणि हिरवे खण निजू लागले. ठशाभोवती कुंकवाची रेघ ओढली, आणि तेवढी जागा सोडून दर मंगळवारी बाकीच्या अंगावर शेंदराचा नवा हात बसू लागला. ठाकुर्लीच्या बाया आल्या, विठ्ठलवाडीच्या आल्या. गोविंदा फाटकाशी थांबलेल्या गाडीवानांना माझी कीर्ती सांगू लागला. धाकू सुतार छातीला हात लावून सांगे, "मी बघताच बोललो होतो, यो पालना साधा नाय." तो काय बोलला होता ते मी ऐकले होते. हौसाबाई दारात बसून कोणी आधी जायचे आणि कोणी मागून हे ठरवी. आणि आवडाबाई? पहिल्या मंगळवारी ती घाबरलेली होती. तिसऱ्या मंगळवारपर्यंत तिचा स्वतःचाच त्या ठशावर विश्वास बसला. खोटे दुसऱ्याला पटायला दिवस लागतात. स्वतःला पटायला तेवढेही लागत नाहीत.

बाराव्या दिवशी बारसे झाले. पाळणा घरात असून मुलीचे नाव टोपलीत ठेवले. गोदा. तुळसा सारखी माझ्याकडे पाहत होती. गाणी म्हणणाऱ्या बायकाही माझ्याकडेच पाहत होत्या, पण निराळ्या डोळ्यांनी.

पाऊस वाढला. जमिनीला ओल आली, भिंतींना पाणी सुटले. टोपलीखाली गवत घातले तर तेही दुसऱ्या दिवशी कुबट होई. श्रावण लागता लागता गोदा खोकू लागली. तो खोकला कसा होता, हे तुळसेला कोणी सांगायला नको होते. तिने तो दोनदा ऐकला होता.

"आत्ये, तिला पालन्यात घालू दे," ती आवडाबाईला म्हणाली.

"देवीचे बैठकीवर मुतरं लेकरू घालतेस? तुज्यापायी घर बसंल."

"टोपलीखाली पानी येतंय आत्ये. आधीची दोनी अशीच गेली."

"मंग देवीलाच सांग ना. लोक लांबून येतात, तू घरात असून तुला हात जोडता येत नाय?"

तुळसेने भिवाला विचारले. भिवा बराच वेळ डोके खाजवत बसला आणि म्हणाला, "आय बोलते तसा करू." मित्रांनो, मी लाकडाचा आहे, पण त्या माणसाकडे पाहून मला आपल्या जातीविषयी फार अभिमान वाटला. लाकूड निदान वजन तरी पेलते.

पुढच्या मंगळवारी घर बायकांनी भरले होते. तुळसा भातलावणीला गेली होती आणि गोदा टोपलीत खोकत होती. हौसाबाई म्हणाली, "देवीचाच शेंदूर जिभेला लाव, सगला खोकला धुवून निघंल." बायकांना ते पटले. आवडाबाईने माझ्या अंगावरचा शेंदूर बोटावर घेतला, गोदाला मांडीवर घेतले आणि तिचे तोंड उघडले. तिला त्या पोरीचे वाईट व्हावे असे वाटत नव्हते, हे मी सांगितले पाहिजे. ती मनापासून करत होती. माणसांचे सगळ्यात मोठे गाढवपण मनापासूनच होते.

त्याच वेळी चिखलाच्या पायांनी तुळसा दारात आली. तिने धावत येऊन सासूचे मनगट धरले.

"कपालाला लाव, आत्ये. जिभेला नको. शेंदूर पोटात गेला तं वाचा जाते."

"सोड हात. देवीचा शेंदूर हाय."

"दुकानातला हाय. माज्या माहेरी शाडला भजनीबुवाला कोनी पानात शेंदूर घातला, तवापासून त्यो हातांनी बोलतो. माजी पोर मुकी करू नको."

तिने दुसऱ्या हाताने गोदाला उचलून घेतले. आवडाबाई मनगट सोडवून ताडकन उठली. उठताना तिचा तोल गेला आणि तिने सावरायला माझी बाजू धरली. पाळणा सगळे जिथे धरतात तिथेच धरली. तिचा पंजा कुंकवाच्या रेघेच्या आत पडला. पाचही बोटे ठशाच्या पाच बोटांवर नेमकी बसली, अंगठ्याजवळचे वाकडे बोटसुद्धा.

सगळ्यांनी पाहिले होते. आवडाबाईने हात उचलला नाही, उचलायचे तिला सुचलेच नाही. मला वाटले, आता तरी कळेल. आता यांतली एक तरी हसेल आणि मला सोडवील.

हौसाबाईने खाकरून घसा साफ केला. "बघा गो," ती म्हणाली, "सटवायचा हात आपल्या आवडाबायसारकाच हाय." आणि तिने वाकून आवडाबाईच्या पाया पडायला सुरुवात केली. तिच्यामागून दुसरी वाकली, मग तिसरी.

मित्रांनो, माणसांबद्दल माझी जी काही आशा शिल्लक होती ती मी त्या घटकेला सोडून दिली. डोळ्यांनी पाहूनही ज्यांना दिसत नाही, त्यांना दाखवणार तरी काय?

पण तुळसेने त्यांना काही दाखवायचा प्रयत्नच केला नाही. ती दाराकडे वळली. तिच्यामागून लावणीवरून आलेला भिवा तिथे उभा होता.

"पालना खाली काड," ती म्हणाली.

भिवाने आईकडे पाहिले.

"तिकडं नको बघू. दोन लेकरा गेली तवाबी तू तिकडंच बघत होतास."

ती हे ओरडून बोलली नाही. भिवाचा चेहरा पांढरा पडला. तो आत आला, माझ्यातले नारळ आणि खण उतरवून त्याने आईपुढे ठेवले आणि तो दोरीची गाठ सोडू लागला. गाठ दोनदा त्याच्या हातून निसटली. पण त्याने ती सोडली. त्या माणसाने स्वतःच्या अकलेने केलेले ते पहिले काम, आणि मी ते विसरलेलो नाही.

त्यांनी मला पडवीत नेले. तुळसेने गोदाला पाठीशी बांधले, राख घेतली, नारळाचा काथ्या घेतला, कढत पाणी घेतले आणि मला घासायला बसली. बायका अंगणापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. देवी कोपून तुळसेची वाचा जाते का, हे त्यांना पाहायचे होते. तुळसेला ते कळत होते. म्हणून ती घासता घासता मोठ्याने बोलत राहिली. भातलावणीचे बोलली, माहेरच्या म्हशीचे बोलली. मध्येच ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "आये सटवाय, तुजा काय हाय नि यांचा काय हाय मना कलत नाय. माजी पोर ओलीत हाय, येवडा कलतंय. चुकला तं मना धर. तिला नको."

ती घाबरलेली होती. तिचा सटवाईवर विश्वास होता, इतर बायकांपेक्षा काकणभर जास्तच. आणि तरी तिचा हात थांबला नाही. मी आजवर एवढी माणसे पाहिली, त्यांत मान द्यावा असे एवढेच पाहिले.

आधी शेंदूर गेला, मग काजळी गेली, आणि संध्याकाळी माझे लाकूड वर आले. दुसऱ्या दिवशी धाकू जवसाचे तेल घेऊन हजर झाला. "मी आधीच बोललो होतो," तो म्हणाला. या खेपेला ते खरे होते. पावसात तेल वाळेना, म्हणून मला चुलीच्या उबेला ठेवून त्याने हळूहळू एकेक हात जिरवला. तितके दिवस तुळसा भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपे आणि गोदाला छातीवर निजवी. पोरीला तिने जमीन लागू दिली नाही. मग मला पुन्हा आढ्याला बांधले. तुळसेने माझ्या दांड्यांवरून तळवा फिरवला, तळवा नाकाशी नेला, जिभेला लावला, आणि मग गोदाला माझ्यात ठेवले. श्रावण सरला तसा खोकला उतरला. भादव्यात ती हसायला लागली.

बायका यायच्या बंद झाल्या. देवी रुसून गेली, असे हौसाबाईने जाहीर केले आणि शेजारच्या गावात एका उंबराखाली ती नवी शोधून काढली. आवडाबाई मात्र ओसरीवर बसून राही. घर बसणार, पोर जाणार, या धास्तीने ती दिवस मोजत होती. सुनेशी बोलत नव्हती आणि माझ्याकडे पाहतही नव्हती.

एके दुपारी तुळसा आणि भिवा शेतावर होते. गोदा जागी झाली आणि रडू लागली. बराच वेळ रडली. शेवटी आवडाबाई आत आली. माझ्यासमोर उभी राहताच सवयीने तिचे दोन्ही हात जोडले गेले. ती पुटपुटू लागली. कोणाला आणि काय सांगत होती, मला कळले नाही. मी देव नव्हतो, मला तिला उत्तर देता येत नव्हते. आणि पाळणा असूनही मला आपणहून हलता येत नाही. गोदाचे रडणे वाढले. तिचा चेहरा लाल झाला, श्वास अडकू लागला. आवडाबाई हात जोडून उभीच. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते, पण हात सुटत नव्हते. मग कसे कोण जाणे, ते सुटले. तिने वाकून दोरी धरली.

"उगी गो बाय," ती म्हणाली, "आजी हाय ना." आणि मी हललो.

मित्रांनो, तुमच्या घरात जुनी लाकडी वस्तू असेल तर तिची निगा राखा. आधी मळ घासून काढा, लाकूड वाळू द्या, मगच त्याला काय लावायचे ते ठरवा. आणि ठरवताना चार माणसे काय म्हणतील ते विचारू नका, त्या वस्तूला कोणाचे अंग आणि कोणाचे तोंड लागणार आहे ते पाहा. माझी ख्याती ऐकून अजूनही कोणी नारळ घेऊन येते. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की माझ्यापुढे हात जोडू नका. ते हात मला दोरीवर हवे आहेत.